चौथीचे पंच

गुरुजी बैलालाही 'अहो' म्हणायचे. शाळेची वाट माझ्या अंगणावरून जाते. वाटेत माझा बादल आडवा उभा असला, तर दुसरा माणूस शेपटी पिळेल, पाठीवर थाप मारेल. गुरुजी छत्री काखेत दाबून त्याच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "अहो, जरा सरकता का?" बादल सरकायचा नाही. मग गुरुजीच चिखलातून वळसा घालून जायचे.

पहिलीतल्या पोट्ट्यांनाही तसंच. "अहो, नाक पुसा, मग बसा." "अहो, तुम्ही रडून राहिले का झोपून राहिले?" काही दिवसांनी गावात असं झालं, की चार वर्षांचं लेकरू कुत्र्याला म्हणे, "अहो, बाजूले व्हा." आम्ही म्हातारे हसायचो. पण आमच्या घरातली लेकरं आमच्याशीही तसंच बोलायला लागली, तेव्हा ऐकायला बरं वाटलं. माझ्या बापाला कोणी जन्मात 'अहो' म्हटलं नव्हतं.

मी स्वतः दुसरी शिकलो. तिसरीत बसलो होतो, पण रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला, बाप शाळेत आला आणि हाताला धरून धानाच्या बांधीत घेऊन गेला. धान लावून झाल्यावर परत जा म्हणाला, तेव्हा मीच गेलो नाही. त्याचं मला काही वाटत नाही. मला धान कळतं, बैल कळतो आणि माणूस तर पुष्कळच कळतो. त्यामुळे मास्तर माणसाचा दरारा मी कधी बाळगला नाही. आमच्या गावाला आलेले मास्तर मी खूप पाहिले. साकोलीहून मोटारसायकलीवर यायचे, घंटा वाजायच्या आधी जायची घाई. गाव त्यांना शाळेच्या वाटेपुरतंच माहीत.

हे गुरुजी मात्र गावातच खोली घेऊन राहिले. तुमसरचे होते, वडील तिथल्या राईस मिलमध्ये पोती वाहायचे. बायको जवाहरनगरला नोकरीत. शनिवारी तिकडे जायचे आणि सोमवारी प्रार्थनेला हजर. शाळा चौथीपर्यंतच. एक गुरुजी हे, आणि एक बाई होत्या. पण बाईंची बदली झाली की दुसऱ्या यायला वर्ष लागायचं, मग चारही वर्ग यांच्याच गळ्यात.

गळ्यात आणखी एक असायचं. नेलकटर. दोरीत ओवून घातलेलं. सकाळी प्रार्थना झाली की रांगेतल्या सगळ्यांची नखं पाहायचे आणि वाढलेली स्वतः कापायचे. पाहता पाहता पारावरचे म्हातारेही हात पुढे करायला लागले. मला वाकून पायाची नखं कापता येत नाहीत. मीही पाय पुढे केला. यात लाजायचं काय? त्यांनी कापली.

रोवण्याच्या दिवसांत बाया पहाटेपासून बांधीत. घरी तान्हं लेकरू सांभाळायला दुसरी-तिसरीतली बहीण थांबायची आणि शाळा रिकामी व्हायची. आधीचे मास्तर घरोघर जाऊन आयांना रागावायचे. गुरुजींनी कोणालाच काही म्हटलं नाही. शाळेच्या वऱ्हांड्यात लुगड्याचे पाळणे बांधले आणि म्हणाले, "लेकराले घेऊनच या." पाळण्यांच्या दोऱ्या एकत्र करून आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधल्या. खुर्चीत बसून पाय हलवायचे आणि तोंडाने पाढे. माझा लहान नातू त्या पाळण्यात वाढला. आता तो स्वतः दुसरीत आहे, आणि सतराचा पाढा सुरू झाला की त्याला अजून जांभई येते.

गावात मयत झालं, की घाटावर दोन शब्द बोलायला गुरुजीच उभे. ते सगळ्याच गावात असतं. पण आमचे गुरुजी घाटावरही खरं बोलायचे. आमच्या भावकीतला एक म्हातारा गेला. गुरुजी हात जोडून म्हणाले, "दुसऱ्याच्या बांधीचं पाणी फोडून आपल्या बांधीत घ्यायची यांची सवय आपण सर्व जाणतो. पण तळ्यातले शिंगाडे काढले की पहिली टोपली शाळेत आणून देणारे हेच एक होते." त्याचा मुलगा तिथेच तापला. लोकांनी धरला. मग घरी जाताना तोच म्हणाला, "बाबा होतेच तसे." त्यानंतर पारावर एक बोलणं सुरू झालं, गुरुजींची बदली होईपर्यंत कोणी मरायचं नाही. माझ्या एका दोस्तानं तर त्यांना विचारलंच, "गुरुजी, माझ्यावर काय बोलणार हो?"

"आत्ता कायले सांगू? तुम्हाले ऐकू येणार नाही, काळजी करू नका."

त्यांचा एक विचार होता. पोरगं चौथीपर्यंत जे पाहते तेच सांगते. नंतर ते आधी समोरच्याचं तोंड पाहते आणि मग सांगते. म्हणून भांडण कोणतंही असो, ते चौथीकडे न्यायचे. खिचडी कोणाच्या ताटात जास्त पडली, मैदानातला चेंडू कोणी शेजारच्या बोडीच्या पाण्यात टाकला, सगळं चौथी ठरवायची. तोपर्यंत ते शाळेच्या भिंतीच्या आत चाललं होतं. मग पट आला.

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. आमच्या भागात धान घरी आलं की पट भरायचा. मध्ये पुष्कळ वर्षं बंदी होती. बंदीच्या आधीचा आमचा शेवटचा पट निकालावरून लाठ्या निघून मोडला होता. आता परवानगी मिळाली, तेव्हा कमिटी शाळेच्या वऱ्हांड्यात बसली. पहिला प्रश्न हाच, निकाल कोण देणार? एक नाव आलं, तो अमक्याचा साळा. दुसरं आलं, तो तमक्याचा व्याही. संध्याकाळ होत आली तरी पंच मिळेना.

गुरुजी म्हणाले, "माझी चौथी बसवा."

सगळे हसले. मीही हसलो. सरपंच म्हणाला, "गुरुजी, हा लंगडीचा खेळ नाही जी. डोकी फुटतात इथं."

"म्हणूनच म्हणून राहिलो," गुरुजी म्हणाले. "मोठ्या माणसाच्या निकालावर डोकं फुटते. चौथीतल्या पोरीवर कोण लाठी उचलते ते मले पाहायचं आहे."

मग त्यांनी युक्ती सांगितली. शेवटाला चुन्याची रेघ. रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक खुंट, आणि खुंटावर बांबूची पोकळ नळी आडवी बांधलेली. पंचानं डोळा नळीला लावायचा. मागची धूळ नाही, माणसं नाही, काही दिसत नाही. फक्त रेघ दिसते. ज्या बैलाचं नाक नळीत आधी आलं, ती जोडी पुढे. दोन्ही टोकांच्या पंचांनी तेच सांगितलं पाहिजे. एकाला दिसलं नाही, तर दुसऱ्याचं धरायचं. कमिटीला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून कबूल झाली.

पुढे कित्येक दिवस शाळेच्या मैदानात पोट्टे माना लांब करून, नाक पुढे काढून जोडीनं पळत होते, आणि चौथीतले एकेक जण नळीला डोळा लावून निकाल देत होते. सगळ्यात सरळ डोळा निघाला माझ्या नातीचा. गुंजन तिचं नाव.

मला आनंद झाला, ते लपवत नाही. माझी जोडी पटात होती. बादल आणि सरदार, दोन्ही घरची वासरं. छकडा हाकणारा माझा मुलगा, गुंजनचा बाप. आणि समोर तुमसरच्या एका मिलवाल्या शेठची जोडी, जी कुठंच हरली नव्हती. बैलांना काजू-बदाम चारतात म्हणे. आपलं माणूस रेघेवर असलं तर बरंच, असं मला वाटलं. गावालाही वाटलं. गावची जोडी जिंकावी, असं कोणाला वाटत नव्हतं?

गुरुजींनी पटाच्या दिवशी माईकवर सगळं उघड सांगितलं. "रेघेवर गुंजन बसणार आहेत. त्या आबाजींच्या नात आहेत. कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगा." शेठचा माणूस, गळ्यात रुमाल घातलेला, हसून म्हणाला, "बसू द्या जी. आमचे बैल इतके पुढं राहतील का आंधळ्यालेही दिसंल."

शेवटच्या फेरीला या दोन जोड्या उरल्या. शेजारी शेजारी दोन दानी, म्हणजे बैलं पळायच्या दोन सरळ पट्ट्या. अलीकडच्या दानीवर आमची जोडी, पलीकडे शेठची. झेंडी पडली. मी शेवटाला उभा होतो. बादल कसा आला ते मी सांगू शकत नाही. जमीन हलली, एवढं कळलं. पलीकडच्या टोकाचा पंच, तो बिचारा बैलं अंगावर येताना ऐकून नळी सोडून पळाला तो थेट मंडपात. धूळ उडाली. ज्यांनी मोबाईलमध्ये काढलं त्यांनी नंतर पाहिलं तर धूळ आणि कोणाचा तरी कोपर.

गुंजन खुंटाजवळ उभी होती. डोळ्याभोवती बांबूचा गोल वळ उठलेला.

गुरुजींनी माईक तिच्यासमोर धरला. "सांगा."

ती म्हणाली, "पल्याडच्या दानीवरचं नाक आधी आलं."

गुरुजींनी माईक तसाच धरून ठेवला.

"आणि अल्याडचं?"

"अल्याडच्याची जीभ आधी आली होती. मंग पल्याडचं नाक. मंग बादलचं नाक. तुम्ही नाक पाहा म्हटलं होतं."

मी पुढे झालो. "जीभ कोणाची होती?"

"बादलची, आबाजी."

"मंग झालं! जीभ बैलाचीच असते ना, का शेजाऱ्याची असते?"

लोक हसले. हसणारे सगळे माझ्या बाजूचे होते.

"आबाजी, नियम नाकाचा आहे," गुरुजी म्हणाले.

"नाकाच्या पुढं जीभ आहे जी. जीभ पोहोचली म्हणजे बैल पोहोचला."

"असं म्हटलं तं उद्या कोणी शिंगाले काठी बांधून आणंल."

"काठी बांधलेली असते. जीभ का मी बांधली? ती उपजत आहे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं. पण त्यांनी झेंडी तुमसरवाल्याची वर केली.

लाठी कोणी उचलली नाही, हे खरं. पण गावाची जीभ काही कमी नाही. नळावर बायांनी माझ्या सुनेला ऐकवलं, "आपल्याच आज्याले हरवलं बाई तुझ्या पोट्टीनं, आणि तेही माईकवर." पोरं गुंजनला वाटेत तुमसरवाली म्हणाली. मी घरी सांगून टाकलं, उद्यापासून ती शाळा नाही. जूनमध्ये साकोलीच्या व्हॅनवाल्या शाळेत नाव घालायचं. माझ्या घरचं माणूस माझ्याविरुद्ध उभं करणाऱ्या मास्तराकडे मी लेकरू पाठवणार नाही. सुनेनं भांडी जरा जोरात ठेवली.

गुंजन रडली नाही. बादलला तणस टाकायचं काम तिचं होतं, ते ती करत राहिली. माझ्याशी मात्र बोलेना. माझ्या घरात माझ्याशी अबोला धरणारं ते पहिलंच माणूस.

असे काही दिवस गेले. एका सकाळी मी कोठ्यात बैलांना पाणी दाखवत होतो, तर अंगणात गलका. पाहतो तर गुरुजी, आणि त्यांच्यामागे अख्खी चौथी, बसायच्या पट्ट्या काखेत घेऊन.

"हे काय जी?"

"एक विद्यार्थी वर्गात येऊ शकत नाही, म्हणून वर्ग इकडे आणला," गुरुजी म्हणाले. "शेणाचा वास आम्हाले चालते. बसा हो सगळे."

आलेल्या माणसाला अंगणातून हाकलायची रीत आमच्यात नाही. आणि लेकरांना तर नाहीच. सुनेनं आतून पाण्याची कळशी आणली, गुंजन तिच्यामागून आली आणि वर्गात जाऊन बसली. गुरुजींनी माझ्या कोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलं, 'जीभ धरावी काय?' माझ्याकडे वळून म्हणाले, "आबाजी, तुमची बाजू तुम्हीच मांडा."

मी उभा राहिलो. वर्गासमोर मी कधी उभा राहिलो नव्हतो. मी होतो तेव्हा मास्तर फक्त ओणवं करायचा. मी सांगितलं. बैल म्हणजे पुरा बैल. शिंगापासून शेपटीपर्यंत, आणि जीभ त्यातच आली. बैल विकताना आपण जीभ ठेवून घेतो काय? पोरं ऐकत होती. बरं बोललो मी.

मग त्यांचे सवाल सुरू झाले. एक म्हणाला, "आबाजी, बैलानं रेघेवर थुंकलं तं?" मी म्हटलं, "थुंक सुटली म्हणजे बैलाची राहत नाही." त्याला ते पटलं. मग रेघेवरून पळून गेलेला तो पंच, तो हळूच म्हणाला, "आबाजी, बादल दमला होता म्हून त्याची जीभ बाहेर आली होती का?"

आता बैलाबद्दल मी खोटं बोलत नाही. माणसाबद्दल एखाद वेळ बोलेन.

"हो," मी म्हटलं. "दमला होता."

गुंजन पहिल्यांदा बोलली. "मले दिसलं होतं. त्याचा श्वासच पुरत नव्हता. म्हून नाक मागं राहिलं."

आपसात बोलून चौथीनं निकाल दिला. नियम पळायच्या आधी सांगायचा असतो. या साली नाक सांगितलं होतं, म्हणून नाक. पुढच्या साली जीभ धरायची असेल तर कमिटीनं आधी सांगावं.

"मले हा निकाल मान्य नाही," मी म्हटलं.

"नसू द्या," गुरुजी म्हणाले. "मान्य नसतानाही लेकराले शाळेत पाठवता येते. हरकत ठेवा आणि पाठवा." मग पोरांना म्हणाले, "उठा, पट्ट्या गुंडाळा. आबाजींच्या बैलाईले चरायले जायचं आहे."

गुंजन त्यांच्याबरोबर गेली नाही. माझ्या शब्दाची वाट पाहत असेल. दुसऱ्या दिवशी ती दप्तर घेऊन दारात उभी राहिली.

"आबाजी, जाऊ?"

"विचारतं कायले? पाय आहेत ना?"

गेली. व्हॅनचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही, आणि दुसऱ्या कोणाची काढायची हिंमत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली, पार दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. मला भाषणं सहन होत नाहीत. ते स्वतः पिशवी घेऊन अंगणात आले, पाणी प्याले.

"आबाजी, अजून जीभच?"

"अजून जीभच."

"बरं," म्हणाले, आणि बसच्या वेळेला निघून गेले. गावानं नंतर नवे गुरुजी पाहिले. चांगले आहेत. बैलाला 'हट' म्हणतात.

पुढच्या साली पुन्हा पट ठरला. गुंजन आता पाचवीत, शेजारच्या एकोडी गावच्या शाळेत सायकलनं जाते. कमिटीनं निकालासाठी बाहेरून मशीन आणायचं ठरवलं. तेवढ्यात तुमसरहून शेठच्या त्या रुमालवाल्या माणसाचा फोन आला. सरपंचानं मोबाईल मोठ्यानं लावला होता, म्हणून पारावर सगळ्यांनीच ऐकलं. "मशीन-फिशीन आमाले नोको. आपल्या आज्याले हरवणारी पोरगी रेघेवर असंल, तं आमची जोडी येईल. नाही तं तुमचा पट तुम्हीच करा."

कमिटी माझ्याकडे आली. मी म्हटलं, "मले काय विचारता? मी पंच आहो का? तिले विचारा."

गुंजन ओसरीवर अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "जीभ का नाक, ते आधी ठरवा. मंग बसते."

कमिटीनं हात वर करून ठरवलं. जिभेच्या बाजूनं एकच हात होता. तो मी खाली घेतला नाही, दिवा लागेपर्यंत बसून वाद घातला. नाक ठरलं. तरीही मी जोडी उतरवली. शेवटच्या फेरीला पुन्हा तेच दोघं, ते आणि आम्ही. धूळही तशीच. गुंजननं नळीवरून डोळा काढला, माईकवर निकाल सांगितला, आणि दोन्हीकडच्या माणसांनी ऐकून घेतला. एकानंही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

संध्याकाळी बैलांना चोळत होतो, तर गुरुजींचा फोन. तिकडून त्यांच्या नव्या शाळेतली पोरं ओरडताना ऐकू येत होती.

"आबाजी, कोणाची जोडी आली?"

"ते मी कायले सांगू जी," मी म्हटलं. "निकाल सांगणं माझं काम नाही."

आणि फोन गुंजनच्या हातात दिला.